चाळीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुलांना खो-खो कसा शिकवावा

आठवी-नववीच्या वर्गात साठ विद्यार्थी, हाताशी एकच मैदान आणि ४० मिनिटांची तासिका, अशी स्थिती असलेल्या शाळांत खो-खोची निवड बहुधा आपोआप होते, कारण त्याला दोन खांब आणि थोडी फक्की याखेरीज फारसे साहित्य लागत नाही. मात्र नियमानुसार २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदान आखून दोन संघ उतरवले, तर एका वेळी प्रत्यक्ष पळणारे चारच असतात : एक आक्रमक आणि तीन संरक्षक. आठ जण चौरसांत बसलेले असतात आणि उरलेले अठ्ठेचाळीस कडेला उभे राहून आरडाओरडा करतात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आठवड्यातल्या दोन-तीन तासिकांनी (त्यातली एखादी परीक्षेच्या तोंडावर गणिताच्या शिक्षकांकडे जाणारच) ती पूर्ण होणार नाही, म्हणून मिळालेल्या तासिकेत प्रत्येकाला पळायला मिळेल अशी रचना आधी कागदावर करून घ्यावी.

त्यासाठी पूर्ण मैदानाऐवजी साडेतेरा मीटर लांब व ८ मीटर रुंद अशी चार छोटी मैदाने आखावीत. प्रत्येकात चार चौरस ठेवावेत, दोन चौरसांत २ मीटर आणि टोकाच्या चौरसापासून खांबापर्यंत सव्वादोन मीटर अंतर असावे. खांबाच्या पलीकडे दोन्ही टोकांना दीड मीटर जागा मोकळी सुटते. खांबांच्या जागी प्लास्टिकचे शंकू ठेवावेत; तात्पुरते रोवलेले बांबू किंवा लोखंडी नळ्या मुलांच्या हनुवटीला लागतात. शेजारच्या मैदानांतील मुले एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये किमान ३ मीटर जागा सोडावी. म्हणजे साधारण ३० बाय १९ मीटरच्या जागेत सगळा वर्ग सामावतो.

प्रत्येक मैदानावर पंधरा मुले आणि त्यांचे पाच-पाचांचे तीन गट करावेत. पहिला गट आक्रमण करतो, दुसरा संरक्षण करतो (आधी तिघे, मग दोघे), आणि तिसऱ्यातील एक जण वेळ पाहतो, एक गुण लिहितो, उरलेले तिघे थोड्या अंतरावर दोरीच्या उड्या मारतात. दर दोन मिनिटांनी गटांची अदलाबदल करावी. दोन फेऱ्यांना अदलाबदलीसह सुमारे पंधरा मिनिटे लागतात. गट शिक्षकांनीच आदल्या दिवशी पाडावेत. दोन कप्तानांना सर्वांसमोर एकेक खेळाडू निवडायला लावण्याची जुनी पद्धत या वयात फार बोचते, कारण शेवटी कोण उरते हे वर्गाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

तासिकेच्या सुरुवातीची सात मिनिटे जागच्या जागी हातवारे करण्यात घालवू नयेत. मुलांना रांगेत दोन-दोन मीटरवर उकिडवे बसवावे आणि एकेकाने आधी चालत, मग धावत, बसलेल्यांच्या मधून नागमोडी जावे. यात शरीरही तापते आणि संरक्षकाची एकेरी साखळीही नकळत शिकवली जाते.

पुढची आठ मिनिटे केवळ खो देण्याघेण्यासाठी ठेवावीत, कारण बहुतेक फाऊल येथेच होतात. शेजारशेजारच्या आक्रमकांची तोंडे विरुद्ध बाजूंना असावीत. बसताना एक पाऊल किंचित पुढे व दुसरे मागे, टाचा उचललेल्या आणि बोटांची टोके जमिनीवर, अशी बैठक घेतली की उठताना वेळ जात नाही. खो पाठीमागूनच द्यावा. हाताचा स्पर्श आणि ‘खो’ हा उच्चार एकदमच झाला पाहिजे, आणि त्याआधी बसलेल्याने जागा सोडता कामा नये. खो देणाऱ्याने लगेच त्याच चौरसात बसावे. उठलेला आक्रमक मध्यपाटी (दोन खांबांना जोडणारा मधला पट्टा) ओलांडू शकत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठल्याखेरीज बदलू शकत नाही. हे नियम तोंडी सांगून कळत नाहीत, म्हणून हा सराव प्रथम संरक्षकांविना, चालण्याच्या वेगाने करून घ्यावा. पाठीवर धपाटा घालण्याची हौस मुलांना असतेच. तळहाताचा हलका स्पर्श न झाल्यास तो खो बाद, असे पहिल्याच दिवशी जाहीर करावे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या सामन्यांच्या चित्रफिती मुलांना अवश्य दाखवाव्यात, पण ते सामने मॅटवर झाले होते हेही सांगावे. मुरमाच्या मैदानावर सूर मारणे पूर्णपणे बंद ठेवावे. नखे कापलेली आहेत का, हातात कडे किंवा घड्याळ आहे का, हे हजेरी घेतानाच पाहावे.

याच वर्षांत उंची झपाट्याने वाढत असते आणि गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला दुखण्याची तक्रार पळणाऱ्या मुलांत वारंवार आढळते. अशा विद्यार्थ्याला ‘नाटक करतोस’ असे म्हणू नये. उकिडवे बसणे त्याला टाळू द्यावे, पंच म्हणून उभे करावे आणि दुखणे टिकल्यास पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. मासिक पाळीच्या दिवसांत खेळायचे की गुणलेखन करायचे, हे मुलीने ठरवावे, आणि त्यासाठी तिला चारचौघांत कारण सांगावे लागू नये. उन्हाळ्यात सकाळच्या शाळेची पहिली तासिका मिळाली तरच पूर्ण वेळ खेळावे आणि मध्ये पाणी पिण्यासाठी थांबावे. पावसात मैदान निसरडे असेल तर व्हरांड्यात बैठक आणि खो यांचाच सराव घ्यावा.

आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी देताना केवळ वेग मोजला, तर लवकर वाढलेल्या मुलांनाच ती मिळते. त्याऐवजी फाऊल किती कमी झाले, पंचगिरी नीट जमते का, पहिल्या आठवड्याच्या तुलनेत विद्यार्थी किती सेकंद अधिक टिकतो, याची नोंद गुणलेखकांच्या वहीतूनच घ्यावी. फाऊल आटोक्यात आले की दोन छोटी मैदाने जोडून आठ चौरसांचे एक लांब मैदान करावे आणि मग नऊ जणांचा संघ उतरवावा. उरलेली दोन मैदाने तेव्हाही चालूच ठेवावीत.