आजोबांचा देव्हारा, बाबांचा पाट: जपताना या चुका टाळा

वर्षश्राद्धाच्या आधी घर रंगवायला निघतं आणि त्याच झपाट्यात आजोबांनी स्वतः केलेला देव्हाराही पॉलिशला जातो. सगळ्यात मोठी चूक ही. पॉलिशवाला आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर फिरवतो. रंध्याच्या पात्याने उमटलेल्या बारीक लाटा, पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) निसटल्याची खूण, पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली मापं, सगळं पाच मिनिटांत भुशात जातं. गेलेल्या माणसाचा हात ओळखू येतो तो याच खुणांवरून. म्हणून आधी वस्तू उलटी करा, टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

पॉलिश न ओळखता वरून हात मारणं

जुन्या घरगुती कामावर बहुधा चपड्याचं, म्हणजे लाखेचं स्पिरिट पॉलिश असतं. दिसणार नाही अशा कोपऱ्यात काडीने स्पिरिटचा एक थेंब ठेवा. दोनेक मिनिटांत जागा चिकट झाली तर चपडा समजा. साध्या चपड्यात मेण असतं, त्यामुळे त्यावर पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश) नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखा लाखेचा मुलामा असेल तर स्पिरिटचा थेंबही नको, नुसतं कोरडं मऊ कापड.

देव्हाऱ्यावरची काजळी आणि तेलकट थर सोड्याने किंवा भांड्यांच्या साबणाने घासू नका. मऊ ब्रशने धूळ काढा, मग पिळून घेतलेल्या ओलसर कापसाच्या बोळ्याने पुसा. (संग्रहालयांत यासाठी लाळही वापरतात, पण देव्हाऱ्याला उष्टं कसं चालेल?) तरीही चिकटपणा राहिला तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन बोळ्यावर घ्या. ते तेल सोडवतं, चपड्याला धक्का लावत नाही. आधी एका कोपऱ्यावर करून बघा, खिडक्या उघडा आणि समई विझवा.

उन्हाळ्यात भेग बुजवणं

फळी रुंदीच्या दिशेने पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. एप्रिलमध्ये पाटाला दिसलेली भेग एम-सीलने गच्च भरली की जुलैत फुगणाऱ्या लाकडाला जागाच उरत नाही. मग भेग पुढे सरकते, नाहीतर शेजारी दुसरी पडते. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीची बारीक रेघ मारून तारीख टाका आणि पावसाळ्यात पुन्हा बघा. रेघेच्या आतच असेल तर तिला हात लावू नका. खालून आडवी पट्टी खिळ्यांनी ठोकणं तर त्याहून वाईट. पट्टी हलत नाही, फळी हलते आणि खिळ्यापाशीच तडकते.

सांधा सुटला असेल तर त्यात थेट फेविकॉल ओतू नका. आत जुना सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद) असतो, त्यावर नवा गोंद पकडत नाही. कोमट पाण्याच्या बोळ्याने सरस मऊ करून काढा, जागा पूर्ण सुकू द्या, मग पुन्हा सरसच लावा. तो पुढे कधीही उकलता येतो.

तेल

खोबरेल आणि गोडेतेल लाकडात सुकत नाही. महिन्याभरात चिकटा धरतो, त्यावर धूळ बसते, वास येतो. वापरातल्या पोळपाटाला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बोटभर पुरतं. जवसाचं तेल सुकतं खरं, पण त्याची चिंधी चुरगळून टाकली तर ती आपोआप पेटू शकते. ती उलगडून वाळत घाला.

भोकं दिसली की रॉकेल ओतणं

एक-दोन मिलिमीटरची भोकं जुनीही असू शकतात. ब्रशने भुसा झाडा आणि वस्तू काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवा. कागदावर मैद्यासारखी नवी भुकटी पडली तरच कीड जिवंत आहे. बिनरंगी लहान वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर लाकडावर दव धरतं. लाखेची, जाड रंगाची किंवा सांधे असलेली वस्तू फ्रीजरमध्ये नको.

हत्यारांची पेटीही वस्तूंइतकीच जपायची. लाकडी रंध्याची पाचर सैल करून ठेवा, गच्च ठोकलेली राहिली तर अंग तडकतं. पात्याला मशीन ऑइलचा पातळ हात पुरे. वस्तूवर स्टिकर चिकटवू नका. सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर कोणी, कधी, कोणत्या लाकडाचं, कोणासाठी केलं ते लिहा. हे सांगू शकणारी आत्या किंवा काका घरात आहेत, तोवरच.