रात्रपाळीतली सोबत : देव जवळ आहे या भरवशावर कसं जगावं

देव जवळ आहे असं वाटण्याची वाट बघत बसू नका. सुरुवात तिथून केलीत तर पहिल्याच वाईट आठवड्यात सगळं ढासळेल. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, आणि माझ्या वाट्याला बहुतेक रात्रपाळ्याच येतात. पहाटे तीन-साडेतीनला, एकीकडे मॉनिटर वाजत असताना आणि दुसरीकडे पाठ भरून आलेली असताना मला असं काही खास वाटत नाही. झोप येत असते आणि चिडचिड होत असते, बस. म्हणून मी भार टाकते तो दिलेल्या शब्दावर. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवटच येशूच्या या शब्दांनी होतो : “युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे.” सर्व दिवस, म्हणजे प्रार्थनेत मन लागतं तेवढेच नव्हेत. आणि हे ऐकणाऱ्या शिष्यांचं काय चाललं होतं ते तीनच वचनं आधी लिहिलंय : त्यांनी त्याला नमन केलं, पण कित्येकांना संशय वाटला. वचन त्या संशयवाल्यांनाही मिळालं.

तेव्हा आधी बायबलमधलं एक वचन निवडा. एकच. दहा वचनांची यादी भिंतीवर लावणारे पुष्कळ पाहिलेत, गरजेच्या वेळी त्यातलं एकही ओठांवर येत नाही. भीती फार असेल तर यहोशवा १:९ (यहोशवाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय, नववं वचन) घ्या, तिथे घाबरू नको, जाशील तिथे परमेश्वर तुझ्याबरोबर आहे, असं म्हटलंय. एकटेपणा खात असेल तर इब्री १३:५, “मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही.” संकटाच्या ऐन मध्यावर असाल तर यशया ४३:२, कारण तिथे पाणी टळेल असं म्हटलेलंच नाही, तू पाण्यातून जाशील तेव्हा मी बरोबर असेन एवढंच म्हटलंय. निवडलेलं वचन हाताने कागदावर लिहा आणि तोंडपाठ करा. मोबाईलमध्ये सेव्ह करून भागत नाही, कारण ज्या वेळी ते लागतं त्या वेळी हात मोकळे नसतात.

आता हे वचन एखाद्या रोजच्या, हाताने करायच्या कामाला बांधून टाका. माझं काम म्हणजे हात स्वच्छ करणं. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावून झाल्यावर, दर वेळी. सॅनिटायझर घेतलं की आधी तळवे, मग हातांच्या मागच्या बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, शेवटी बोटांची टोकं. नीट केलं तर २० ते ३० सेकंद जातात. तेवढ्या वेळात तेविसाव्या स्तोत्रातलं चौथं वचन मनातल्या मनात आरामात म्हणून होतं : “मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.” अंगठ्यांपर्यंत पोहोचले की त्या पेशंटचं नाव घेते. मग म्हणते, “प्रभू, या बेडपाशी तू माझ्या आधीच आलेला आहेस,” आणि कामाला लागते. एका पाळीत हे किती वेळा होतं त्याचा हिशोब नाही. काही वेळा लक्ष असतं, काही वेळा नुसते ओठ हलतात. चालतं.

तुमचं काम वेगळं असेल. कुलूप उघडणं, जिना चढणं, बाळाचे कपडे बदलणं, कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत थांबणं. एकच अट : ते काम तुम्हाला तसंही करावंच लागत असलं पाहिजे. नवीन वेळ काढायचा संकल्प केलात की तो आठवड्याभरात बारगळतो. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका मठात, कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या, ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू स्वयंपाकघरात राबत. त्या कामाची त्यांना मुळात नावड होती, तरी भांड्यांच्या खडखडाटातही आपण गुडघ्यांवर असतो तितकेच देवाजवळ असतो, असं ते सांगत. मला ते जवळचे वाटतात ते त्या नावडीमुळेच.

बोलताना देवाबद्दल बोलू नका, देवाशी बोला, आणि नेमकं बोला. “प्रभू, मला शांती दे” हे वाईट नाही, पण “प्रभू, हा फोन उचलायची मला भीती वाटतेय” हे जास्त खरं आहे. भाषा सजवायची गरज नाही. उपासनेतल्या प्रार्थनेचा सूर बेडपॅन उचलताना लागत नाही, लागूही नये.

एक अडचण मात्र अनेकांना असते आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ती कुणी उघडपणे बोलत नाही. देव सतत पाहतोय, या विचाराने त्यांना धीर येण्याऐवजी धडकीच भरते, डोक्यावर कॅमेरा बसवल्यासारखी. अशांनी स्तोत्र १३९ शेवटपर्यंत वाचावं. सुरुवातीला “मी तुझ्यापासून कुठे पळू” असं विचारणारा माणूस शेवटी स्वतःहून म्हणतो, “हे देवा, माझी झडती घे.” ज्याच्या प्रेमाची खात्री आहे त्यालाच कुणी असं बोलावतं. मनात काही टोचत असेल तर त्याचं नाव घेऊन कबूल करा, क्षमा मागा आणि उठा. त्याच गोष्टीसाठी रोज नव्याने स्वतःला फटके मारत बसणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे.

आता धैर्याबद्दल. देव बरोबर आहे म्हणजे रिपोर्ट चांगला येईल, असा अर्थ लावू नका. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, एकोणचाळिसावा अध्याय वाचा. भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाची ती गोष्ट आहे. परमेश्वर योसेफाबरोबर होता, हे तिथे चार वेळा येतं, आणि अध्याय संपतो तेव्हा योसेफ तुरुंगातच असतो. पुढे तुरुंगातल्या ज्या प्यालेबरदाराला (राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला) त्याने मदत केली तो त्याला विसरतो आणि आणखी पूर्ण दोन वर्षं जातात. मधल्या काळात योसेफ काय करतो? दिलेलं काम करतो, आणि बरोबरच्या कैद्यांचे उतरलेले चेहरे पाहून विचारपूस करतो. नातेवाइकांना वाईट बातमी सांगायला डॉक्टरांबरोबर खोलीत जाताना मला हाच योसेफ आठवतो. आत काय बोलायचं ते सुचलेलं नसतं, पण दार उघडायचं बळ येतं. मला धैर्य मिळतं ते एवढंच, आणि ते पुरतं.

काही काळ असा येतो की यातलं काहीच लागू पडत नाही. तेव्हा स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरी बायबलमध्ये आहे, आणि त्यातली तक्रार देवाकडेच केलेली आहे. “मला मरण दे” म्हणणाऱ्या एलीया संदेष्ट्यालाही देवाने आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. तेव्हा झोप आणि जेवण आधी पाहा. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. हे नर्स म्हणून सांगतेय आणि विश्वासी म्हणूनही. औषध घेतल्याने विश्वास कमी ठरत नाही.

आणि माणसं मागा. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो की न्यायालयातल्या पहिल्या जबाबाच्या वेळी सगळे सोडून गेले, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. त्याच अध्यायात तो त्रोवस शहरात राहिलेला झगा आणि पुस्तकं मागवतो, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा होईल तितका प्रयत्न कर, अशी विनवणीही करतो. प्रभू जवळ असूनही त्याला झगा हवा होता आणि तीमथ्यही हवा होता. म्हणून कुणाला मेसेज करताना “प्रार्थनेत आठवण ठेवा” एवढ्यावर थांबू नका. पौलासारखं नेमकं लिहा : “मंगळवारी सकाळी दहाला रिपोर्ट मिळणार आहे. माझ्याबरोबर येशील का?”