आइसलंडच्या थंडीत बाहेर जलरंग करताना

आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, स्कागास्ट्रॉन्डसारख्या गावात रेसिडेन्सी (कलाकारांना राहून काम करायची सोय) मिळाली असेल तर थंडीआधी वाऱ्याची तयारी करा. इझलच्या (चित्र ठेवायच्या तिपाईच्या) तिन्ही पायांमध्ये कापडी पिशवी टांगा आणि तिथलेच दगड भरा. घरून वजन न्यायची गरज नाही. पारा शून्याखाली गेला की ब्रशचं पाणी गोठतं, कागदावरच्या वॉशवर, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरावर, बर्फाची नक्षी उमटते. (दिसते सुंदर, पण आत आणली की वितळून रंग पसरतो.) पाण्यात थोडी व्होडका मिसळली की गोठणं लांबतं. तिथे दारू भलती महाग, त्यामुळे छोटी बाटलीच घ्या. वॉश लवकर वाळत नाही, म्हणून दोन छोटे कागद आलटूनपालटून रंगवा. डिसेंबरअखेर सूर्य जेमतेम 3 तास वर असतो, तेव्हा पेन्सिलचं रेखाटन आदल्या दिवशीच उरकलेलं बरं.