अनेक एजंटांचे अंदाज एकत्र कसे करावेत: एकच साक्ष दोनदा मोजू नका

सरावासाठी रोबोकप रेस्क्यूचं सिम्युलेशन घ्या: भूकंपानंतरच्या शहरात एजंट, म्हणजे स्वतः निर्णय घेणारे प्रोग्रॅम, बचावकार्य करतात. १९९५च्या कोबे भूकंपानंतर ही कल्पना पुढे आली. अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन आणि पोलिस एजंटांना जवळपासचंच दिसतं, निरोप मोजकेच पाठवता येतात आणि पोलिस ढिगारे हटवत असल्याने बंद रस्ता मध्येच खुला होतो. बेजचा नियम, म्हणजे नव्या पुराव्यावरून शक्यता सुधारण्याची रीत, तुम्हाला येतो असं धरतो.

१. प्रत्येक रस्ता बंद असण्याची शक्यता ठेवा, सुरुवात ०.५ पासून. खरं-खोटं एवढीच नोंद पुरत नाही.

२. दर फेरीला आधी जुना अंदाज शिळा करा, मग नवं निरीक्षण मिसळा. फेरीत स्थिती पालटण्याची शक्यता २ टक्के धरली तर ०.९ चे ०.८८४ होतात.

३. आता देवाणघेवाण. इथे बहुतेकांची गाडी रुतते, माझीही बराच काळ रुतली होती. ‘प्रत्येकाने आपला अंदाज पाठवावा, आलेला आपल्यात गुणून घ्यावा’ हा सल्ला सर्रास मिळतो. अजिबात ऐकू नका. ‘अ’ला रस्ता बंद दिसला, त्याचा सेन्सर ८० टक्के वेळा बरोबर असतो, म्हणून अंदाज ०.८. तो ‘ब’ला कळवला. ‘ब’ने स्वतः काहीच पाहिलेलं नाही, तरी त्याचाही ०.८ झाला आणि त्याने तोच ‘अ’कडे परत धाडला. ०.८ म्हणजे ४ विरुद्ध १, म्हणून ‘अ’ने ४ गुणिले ४ केलं: १६ विरुद्ध १, म्हणजे ०.९४. आणखी एक निरोप, की ‘ब’ ०.९८ च्या पुढे. गावात अफवा अशीच पिकते. ‘ज्याने पाठवलं त्याला परत पाठवू नका’ हाही अर्धवट इलाज, कारण तिसरा एजंट आला की निरोप वळसा घालून येतोच.

म्हणून अंदाज नाही, निरीक्षण पाठवा: कोणी, कोणता रस्ता, कोणत्या फेरीत, काय दिसलं. तीच नोंद पुन्हा आली तर टाकून द्या. उशिरा आलेली नोंद तिच्या फेरीत बसवून तिथून पुढचा हिशेब पुन्हा करा. ‘आत्ताच दिसलं’ म्हणून खपवू नका. आणि एकाच जागी उभ्या एजंटाने तोच ढिगारा दहा वेळा पाहिला तर दहा साक्षीदार होत नाहीत, चूक असेल तर तीच चूक दहादा होते. मी एका भेटीचं एकच निरीक्षण मोजतो.

एवढे निरोप मावत नसतील तर अंदाजच पाठवा, पण गुणू नका. लॉग-ऑड्सची, म्हणजे ‘४ विरुद्ध १’ सारख्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमची, भारित सरासरी घ्या, भारांची बेरीज १. मग ०.८ आणि ०.८ मिळून ०.८ च राहतात. दोघांनी खरोखर स्वतंत्रपणे पाहिलं असेल तर थोडी माहिती वाया जाते; मला चालते. ज्युलियर आणि उलमन यांची १९९७ची कोव्हेरियन्स इंटरसेक्शन पद्धत स्थानाच्या अंदाजांसाठी असाच सावधपणा पाळते.

४. कोणी कुठे जायचं याचं सर्वोत्तम उत्तर शोधत बसू नका. दोनच एजंट असले तरी हा प्रश्न किती भयंकर अवघड आहे, हे बर्नस्टाइन, झिल्बरस्टाइन आणि इमरमन यांनी २००० मध्ये सिद्ध केलं. बोली लावा: अपेक्षित वेळ, त्यात रस्ता बंद निघण्याचा धोका धरून, सर्वांत कमी वेळवाला जाईल. अंदाज बराच हलला तरच पुन्हा बोली, नाहीतर अ‍ॅम्ब्युलन्स दोन जखमींच्या मधेच हेलपाटे घालत राहते.