‘दक्षिणा’ने केलेला घात

‘नोकरचाकरांना भरपूर दक्षिणा देत जा.’ सासरी निघालेल्या शकुंतलेला कण्वमुनींनी हा उपदेश केला, असं मी एम.ए.च्या पहिल्याच चाचणीत ठोकून दिलं होतं. बाईंनी समासात नुसतं उद्गारचिन्ह काढलं.

कालिदासाचं ‘अभिज्ञानशाकुंतल’ हे संस्कृत नाटक हाती घेतलं तेव्हा वाटलं होतं, मराठी माणसाला संस्कृत शब्दांचं काय एवढं, निम्मे तर घरचेच. दगा दिला तो याच घरच्यांनी. चौथ्या अंकातला ‘शुश्रूषस्व गुरून्’ हा एकच श्लोक घ्या. आपल्याकडे शुश्रूषा आजाऱ्याची. इथे वडीलधाऱ्यांच्या शब्दात राहून त्यांची सेवा करायची, कारण मुळात शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. ‘सपत्नीजन’ म्हणजे सपत्नीक आलेले पाहुणे नव्हेत, चक्क सवती. आणि ‘दक्षिणा’ हे शकुंतलेचंच विशेषण: परिजनांशी, म्हणजे नोकरचाकरांशी, सौजन्याने वागणारी हो. शेवटचे ‘आधि’ तेवढे आपल्या आधिव्याधीतलेच निघाले!

तेव्हापासून वहीत आधी ओळखीचे शब्द उतरवते, अनोळखी नंतर. अनोळखी शब्दासाठी कोश उघडला जातोच हो, ओळखीच्यासाठी कोण उघडतं? कोश आपट्यांचा, विद्यार्थ्यांसाठीचा संस्कृत-इंग्रजी, पुरतो. फक्त उपसर्ग लागलेलं क्रियापद मूळ धातूखाली शोधायचं. ‘अवगच्छामि’ हवं तर ‘गम्’ काढा, ‘अव’पाशी घुटमळू नका. स्वगतम्, प्रकाशम्, जनान्तिकम्, नेपथ्ये या रंगसूचना दोन दिवसांत पाठ होतात.

खरी गंमत प्राकृतात आहे, आणि बहुतेक जण तीच गाळतात. शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृत बोलतात. छापील प्रतीत सोबत संस्कृत छाया, म्हणजे त्याच वाक्यांचं संस्कृत रूप, असते, म्हणून सगळे छायेवरच भागवतात. मीही वर्षभर तेच केलं. पण हस्तचा ‘हत्थ’ झाला की हात दिसायला लागतो, कर्णचा ‘कण्ण’ झाला की कान. सपत्नीची ‘सवत्ती’ झाली आणि मला आमची सवत भेटली. ‘अज्ज’पाशी मात्र जपा: तो कधी ‘आज’ असतो, कधी ‘आर्य’.

सहाव्या अंकातला कोळी आणि शिपायांचा प्रवेश शेवटी ठेवा. तिथली मागधी, हीही एक प्राकृतच, ‘र’चा ‘ल’ करते, ‘स’चा ‘श’. धीवराचा ‘धीवले’ होतो. छायेवर पट्टी ठेवून तो मोठ्याने वाचा. डोळ्यांना अडलेलं बरंचसं कानाला कळतं.