वजनाच्या ऑपरेशननंतर अंगात ताकद येत नाही? या चुका टाळा

वजन कमी करायच्या ऑपरेशनला अठरा दिवस झाले होते. केसांना शाम्पू लावला आणि दोन्ही हात आपोआप खाली आले. पुन्हा वर नेले, पुन्हा खाली. शेवटी बाथरूममधल्या स्टुलावर बसून, एक हात दमला की दुसरा लावत, डोकं कसंबसं धुतलं. वजनाचा काटा रोज खाली येत होता आणि मी त्याच्याबरोबर.

आई म्हणाली, "जरा पडून राहा." मैत्रीण म्हणाली, "अगं, ग्लुकोज पी, लगेच तरतरी येईल." दोघींचंही मी ऐकलं आणि दोन्ही सल्ले अंगाशी आले. डाएटिशियनकडे गेले तेव्हा तिनं वेगळंच विचारलं: "दमता हे कळलं. पण कधी दमता? उठल्यावर, खाल्ल्यावर, की दिवसभर?"

सगळी गोम या 'कधी'मध्ये आहे. पहिल्या महिन्याचा थकवा वेगळा, सहाव्या महिन्याचा वेगळा, आणि जेवणानंतर दोन तासांनी हातपाय गाळून टाकणारा आणखी वेगळा. पहिले काही आठवडे थोडा अशक्तपणा येणारच. जखमा भरत असतात आणि दिवसभरात पोटात जाणारं अन्न हजार कॅलरींच्या बरंच खाली असतं. पण पुढे पुढे अंगात ताकद यायला हवी. येत नसेल तर बहुतेकदा पुढच्यापैकी काहीतरी चुकत असतं.

तहान लागण्याची वाट बघणं

सगळ्यात साधी चूक हीच, आणि बहुतेक जण करतात. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी आणि इतर पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. या ऑपरेशनच्या 'बायपास' प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात; ती पिशवी सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची असते. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकलेला असतो. गटागटा ग्लासभर पाणी पिणं शक्यच नाही. त्यात जेवताना प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. मग दिवसातला प्यायचा वेळ उरतो किती?

मी अर्ध्या लिटरच्या बाटलीवर मार्करनं पाच रेघा ओढल्या आणि दर अर्ध्या तासाला एक रेघ संपवायची असं ठरवलं. बाटली दिवसातून तीनदा भरायची. कंटाळवाणं काम आहे. पण चौथ्या दिवशी पलंगावरून उठल्यावर येणारी अंधारी गेली.

उठताना गरगरणं, लघवी गडद होणं, डोकं जड वाटणं हे पाणी कमी पडल्याचे संकेत. पण पाणी पुरेसं असूनही गरगरत असेल तर गोळ्या तपासून घ्या. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या ज्या गोळ्या जुन्या वजनाला बरोबर होत्या, त्या आता जास्त होऊ शकतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांचं आणि इन्सुलिनचंही तसंच. साखर खाली जाऊन घाम, थरथर सुटते आणि आपण म्हणतो 'अशक्तपणा आलाय'. डोस आपल्या मनानं कमी करायचा नाही, पण पुढच्या तारखेची वाट बघत बसायचंही नाही. घरी बीपी आणि साखर मोजून आकडे डॉक्टरांना कळवा.

जे सहज उतरतं तेवढंच खाणं

सूप, फळांचा रस, पातळ पेज. घशाखाली अडत नाही म्हणून माणूस यांवरच राहतो. पण दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि या पदार्थांत ते नावापुरतं असतं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. म्हणजे निव्वळ अंड्यांवर ६० गाठायचं तर दहा लागतील! सुरुवातीच्या महिन्यात हे जेवणातून होणारच नाही, म्हणून प्रोटीन पावडर देतात. मला तिची चव अजिबात आवडली नाही आणि मी दोन आठवडे ती टाळली. केस धुताना हात का गळत होते, ते डब्याकडे बघून डाएटिशियनला लगेच कळलं. डबा जवळजवळ भरलेलाच होता. प्रोटीन कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. काटा उतरत राहतो, आपण खूश होतो.

घट्ट जेवण सुरू झाल्यावर एकच नियम: आधी प्रोटीनचा पदार्थ, मग भाजी, आणि जागा उरली तर बाकीचं.

उलट्यांची सवय करून घेणं

"ऑपरेशननंतर उलट्या व्हायच्याच," असं म्हणून आठवडाभर काढणारी माणसं मी पाहिली आहेत. हे काही मला पटत नाही. घाईनं खाल्लं, नीट चावलं नाही आणि एखाद्या वेळी उलटी झाली, तर समजू शकतो. रोज होत असेल तर नाही.

बी१ म्हणजे थायामिन या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो. खाणं कमी आणि त्यात सारख्या उलट्या झाल्या की तो संपतो. आधी थकवा, पायांना मुंग्या, मन लागत नाही. मग एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. इथवर आलं तर तातडीनं दवाखाना गाठायचा, कारण मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि इथेच मैत्रिणीचं ग्लुकोज घातक ठरू शकतं. साखर वापरायला शरीराला थायामिन लागतं. साठा रिकामा असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं. म्हणून आधी किंवा बरोबरीनं थायामिन देतात. दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर तोंड उघडताच सांगा: वजनाचं ऑपरेशन झालंय, इतके दिवस उलट्या होतायत.

सगळ्या गोळ्या एका मुठीत

ही माझी चूक. सकाळी चहाबरोबर लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, सगळं एकदम. काम उरकलं! आठव्या महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन थोडंसंच कमी होतं, पण फेरिटिन, म्हणजे लोहाची शिल्लक, तळाला गेलेली.

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासनंतर अन्न नेमकं त्याच भागाला वळसा घालून पुढे जातं. आधीच वाट अरुंद, त्यात कॅल्शियम लोहाला अडवतं, चहा-कॉफीही अडवते. त्यामुळे लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मि.ग्रॅ. लागतं, तेही ५००-६०० च्या हप्त्यांत. सायट्रेट प्रकारचं घेतलेलं बरं, कारण कार्बोनेटला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी झालेलं असतं. थायरॉइडची गोळी असेल तर ती या दोघांपासून चार तास लांब. मी मोबाइलवर चार गजर लावले. ऑफिसात सगळ्यांना पाठ झालेत.

बी१२चं वेगळंच. त्याचा साठा काही वर्षं पुरू शकतो, त्यामुळे गोळ्या सोडल्या तरी लगेच काही होत नाही. माणसाला वाटतं, बघा, काही गरज नव्हती. मग दोन वर्षांनी थकवा येतो, पाय बधिर होतात आणि ऑपरेशनशी त्याचा संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी रक्त तपासायचं, आणि हिमोग्लोबिनवर न थांबता फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्वही बघायचं.

अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. बायपासच्या जोडावर त्यांनी अल्सर होऊ शकतो, आतून रक्त झिरपतं आणि बाहेर दिसतो तो फक्त फिकटपणा.

थकवा आला की गोड

मी संत्र्याचा रस प्यायले. वीस मिनिटांत पोटात मुरडा, घाम, छातीत धडधड, आणि तासभर आडवी. याला डम्पिंग म्हणतात. साखर आतड्यात एकदम ओतली जाते आणि शरीरातलं पाणी तिच्याकडे धावतं. दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी येतो. इन्सुलिन जास्त सुटून रक्तातली साखरच खाली जाते. हा बऱ्याचदा वर्षभरानंतर सुरू होतो. दुपारी ठरावीक वेळी हातपाय गळत असतील तर त्याआधी काय खाल्लं ते लिहून ठेवा. साखर खरंच खाली गेली असेल तेव्हा थोडं गोड घ्यावंच लागतं, पण रोजचा उपाय म्हणून गोड खाल्लं की पुन्हा तेच चक्र. त्यावर उतारा म्हणजे कमी गोड, जास्त प्रोटीन, थोडं-थोडं खाणं, आणि डॉक्टरांना सांगणं.

पडून राहणं, किंवा एकदम धावायला लागणं

आईचा सल्ला इथे चुकला. पहिल्या दिवसापासून थोडं चालायचं असतं, पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणूनही. दिवसातून पाच-सहा वेळा, पाच-दहा मिनिटं. वजनं उचलणं सर्जननी हिरवा कंदील दाखवल्यावरच, पण मग ते टाळू नका. स्नायू नुसत्या चालण्यानं टिकत नाहीत.

झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देणारं) मशीन वापरत असाल तर 'आता बारीक झालो' म्हणून ते आपणच बंद करू नका. तपासणी पुन्हा होऊ द्या. आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी कुणी स्पष्ट बोलत नाही: वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. थकवा आणि मळमळ दोन्ही असेल तर ती तपासणीही करून घ्या.

ज्याला थकवा म्हणायचंच नाही

नाडी बसल्या जागी १२० च्या वर, ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, अचानक धाप, एका पोटरीला सूज, काळी शी. यांतलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. टाक्यातून गळती, फुप्फुसात रक्ताची गाठ, आतला रक्तस्राव, यातलं काहीही असू शकतं.

माझं म्हणाल तर प्रोटीनचा डबा संपायला लागला तसे हात हलके झाले. चौथ्या महिन्यात मी उभ्यानं, दोन्ही हातांनी डोकं धुतलं आणि बघते तर मुठीत केसांचा पुंजका. भराभर वजन उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात असे केस गळतात आणि बहुतेकांचे पुन्हा येतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या दिवशी नाली तुंबेपर्यंत रडत बसले नसते.