दुमजली केकचे खांब आणि स्लॅब

साखरपुड्याच्या एका ऑर्डरीत मी वरच्या केकखाली अर्ध्या किलोच्या केकला घालतात तो पातळ सोनेरी पुठ्ठा घातला होता. कोथरूडहून सिंहगड रोडला पोचेपर्यंत, बारा स्पीडब्रेकर खाऊन, तो मधोमध वाकला आणि वरचा केक खालच्यात रुतून बसला. तेव्हापासून दोन्ही मजले वेगळ्या खोक्यांत नेते आणि हॉलवरच चढवते.

खालचा केक वजन पेलत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. वजन घेतो वरचा बोर्ड. तो ते डॉवेलवर, म्हणजे खालच्या केकमध्ये उभ्या खुपसलेल्या काड्यांवर देतो, डॉवेल तळाच्या बेसवर. आपल्या बिल्डिंगचं जे, तेच इथे.

खाली 10 इंची, वर 6 इंची केक धरू. तळाला बेस म्हणून 14 इंची एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला कडक बोर्ड). विकत घेताना दोन्ही हातांनी वाकवून बघा, जरा जरी लवला तरी परत ठेवा.

वरचा बोर्ड मी घरीच करते. 6 इंची स्पंजला दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच क्रीम येतं, म्हणून साडेसहा इंचांची वर्तुळं. खोक्याच्या कोऱ्या, जाड पुठ्ठ्याची दोन कापायची आणि आतल्या नळ्या एकमेकींना आडव्या येतील अशी चिकटवायची. एकाच दिशेला ठेवल्या तर दुहेरी पुठ्ठाही त्या रेषेवर दुमडतो. डिंक रात्रभर वाळू द्या. मग क्लिंग रॅप घट्ट ताणून गुंडाळा. क्रीमचा ओलावा लागला की पुठ्ठ्याचा पापड होतो. रॅपवर स्पंज घसरतो, त्यामुळे मधे वितळलेल्या चॉकलेटचा एक थेंब टाकूनच बसवा.

खालचा केक फ्रिजमध्ये कडक झाला की त्यावर वरच्या बोर्डाच्याच मापाचा एक रिकामा बोर्ड अलगद टेकवून कडेची खूण उठवा. त्या खुणेच्या पाऊण इंच आत, समान अंतरावर पाच डॉवेल. केक जिथे सगळ्यात उंच वाटतो तिथे पहिला डॉवेल बेसला टेकेपर्यंत सरळ खुपसा, क्रीमच्या पातळीवर नखाने खूण करा, बाहेर काढा आणि पाचही त्याच मापाने कापा. प्रत्येक ठिकाणी वेगळं माप घेतलंत तर वरचा केक तिरका बसलाच म्हणून समजा. कापलेली टोकं पॉलिश पेपरने घासा, धुऊन पुसा, ओट्यावर उभी करून वरून तळवा फिरवा: एखादी उंच असेल तर लगेच टोचते. नुसत्या क्रीमच्या हलक्या केकला बबल टीचे जाड स्ट्रॉही चालतात. ज्यूसचे नकोत.

डॉवेल बसले की तोच रिकामा बोर्ड ठेवून वर लेव्हल ठेवते (ह्यांच्या टूलबॉक्समधली, आता माझीच झाली आहे). बुडबुडा मधे आला की रिकामा बोर्ड काढून डॉवेलच्या डोक्यांवर चॉकलेटचे ठिपके द्यायचे आणि वरचा केक त्याच्या बोर्डासकट पॅलेट नाइफवर तोलून खाली सोडायचा. बोर्डाची कड दिसते तिथे पायपिंग.

खोक्यावर मार्करने लिहायला मात्र विसरू नका: ‘आत 5 काड्या आहेत. वरचा केक बोर्डासकट उचला, काड्या मोजून काढा, मग खालचा कापा.’